चीन आपला कापूस घेईल, असं मी म्हणालो

घाटंजीच्या शाळेत मी तीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. सकाळी दोन वर्तमानपत्रं वाचून होईपर्यंत चहा निवतो आणि मग कोणीतरी भेटेपर्यंत जगाचं राजकारण माझ्या पोटात मावत नाही. बायको ऐकत नाही. अमेरिकेच्या मनात काय आहे ते फोडणीच्या वेळी सांगत जाऊ नका, असं तिने मला एकदा स्पष्टच बजावलं.

मन लावून ऐकणारा एकच होता, माझा थोरला भाऊ. आमचं गाव घाटंजीपासून जवळ आहे आणि दोघांच्या वाट्याची शेती तोच करतो. बाजाराच्या दिवशी सामान घेऊन झालं की तो माझ्याकडे येतो, खाटेवर बसतो आणि विचारतो, "बोल मास्तर, जगात काय चालू हाय?" मी सांगतो, तो मान डोलावतो. त्याने सातवीत शाळा सोडली, कारण वडील गेले आणि दोघांपैकी एकालाच पुढे शिकता येणार होतं. तेव्हापासून त्याच्या घरात माझा शब्द कोणी खाली पडू देत नाही. मला ते आवडायचं. लपवू कशाला?

त्या डिसेंबरात अमेरिकेत सत्ता बदलणार हे ठरलं होतं आणि नवं सरकार चीनच्या मालावर जबर कर लावणार अशी हवा होती. मी दादाला भिंतीवरच्या नकाशापुढे उभं केलं. चीनच्या गिरण्यांना बाहेरचा कापूस लागतो, अमेरिका तो विकते. भांडण पेटलं की चीन अमेरिकेचा कापूस अडवणार. मग घेणार कोणाकडून? मी लाकडी पट्टी फिरवत आणली आणि बरोबर विदर्भावर टेकवली.

"आपल्याकडून," मी म्हणालो. "आता विकू नोको. थांब थोडा."

"पक्कं?"

"ज्याले गरज हाय त्याले वाकाच लागते, दादा."

हे वाक्य मी वर्गातही वापरायचो. गावातला व्यापारी तेव्हा काटा घेऊन दादाच्या दारात येऊन गेला होता. दादाने त्याला परत पाठवलं.

कापसाला कोरडी जागा लागते. आमच्याकडे तो घरातच भरतात, अगदी आढ्यापर्यंत, आणि माणसं ओसरीत सरकतात. दादाच्या घरात सगळ्यात कोरडी खोली म्हणजे त्याच्या मुलीची. ती दहावीत चांगल्या गुणांनी पास झाली तेव्हा त्याने तिच्या अभ्यासासाठी ती सिमेंटची खोली मुद्दाम बांधून घेतली होती. खिडकी, पंखा, टेबल, सगळं. पोरीला डॉक्टर व्हायचं होतं. बारावी आणि त्यानंतरची प्रवेश परीक्षा त्याच वर्षी होती. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे म्हणून टेबल बाहेर काढलं आणि कापूस आत भरला.

मार्चमध्ये चीनने खरोखरच अमेरिकेच्या कापसावर कर लावला. मी दादाला स्वतः फोन केला. "म्हटलं होतं का नाही?" दादा खूश झाला. मी तर दोन दिवस घाटंजीभर मिरवलो. एप्रिलमध्ये दोघांनी एकमेकांवर कराचे असे थर चढवले की रोजचा पेपर जुना वाटायचा. आमच्याकडचा भाव मात्र जागचा हलेना. दर बाजाराला दादा विचारायचा आणि मी म्हणायचो, अजून थोडा थांब.

परीक्षेला चार-पाच दिवस उरले असताना पोरीला आशीर्वाद द्यावा म्हणून टरबूज घेऊन गावी गेलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं. ती ओसरीत खाटेवर पुस्तक घेऊन बसली होती, पलीकडे बैल बांधलेले, येणारीजाणारी माणसं, आणि एवढ्या उकाड्यात तिच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस.

"खोलीत काहून नाही बसत?" मी विचारलं.

उत्तर वहिनीने दिलं. "खोलीत कापूस हाय ना, भाऊजी. तुम्हीच तर ठेवाले सांगतलं."

मग पोरीने बाही वर केली. कापूस फार दिवस घरात राहिला की त्यात बारीक किडे होतात आणि घरातल्या माणसांच्या अंगाला खाज सुटते. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तिच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत लाल गांधी होत्या, काही ठिकाणी खाजवून खपल्या धरल्या होत्या. वहिनी तिला रोज कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ घालत होती. गेले दोन महिने तिची धड झोप झाली नव्हती. मला कोणी कळवलं नाही, कारण कळवणं म्हणजे माझ्या शब्दावर शंका घेणं.

"काका, खरं सांगा," ती म्हणाली. "चीन घेणार हाय का आपला कापूस?"

आता जे लिहितो ते मी बायकोलाही बरेच दिवस सांगितलं नव्हतं. आठवडाभर आधी मी एक बातमी वाचली होती की चीन ब्राझीलचा कापूस घेतो आहे. बातमी वाचली आणि पान उलटलं. ब्राझील म्हणजे कॉफी, हे मी तीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं होतं. तिथे एवढा कापूस पिकतो याचा मला पत्ताच नव्हता. आणि पत्ता लागल्यावर दादाला सांगायची लाज वाटली.

"मले माहीत नाही," मी म्हणालो.

दादा बैलांना पाणी दाखवून येत होता. बादली हातात धरूनच तो थांबला. "मग पाच महिने काय सांगत होता?"

"अंदाज."

"अंदाज तर मलेही येते, मास्तर." तो आवाज चढवून बोलला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "मग तुले शिकवलं कायले?"

टरबूज तसंच ओसरीच्या कोपऱ्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी दादाने मिळेल त्या भावाने कापूस विकला, खोली फिनेलने धुतली, टेबल आत ठेवलं. पोरीला त्या खोलीत तीन रात्री मिळाल्या.

परीक्षा झाली आणि पुढच्याच आठवड्यात अमेरिका आणि चीन यांनी कर कमी करायचं ठरवून एकमेकांशी हात मिळवले. पावसाळ्यात अमेरिकेने आपल्यावरच जबर कर लावला आणि आपल्या सरकारने बाहेरच्या कापसावरचं शुल्क काही महिन्यांसाठी काढलं. म्हणजे चीन आला नाहीच, उलट अमेरिकेच्या कापसाला आपलं दार उघडं झालं. वाकायची पाळी कोणावर आली, ते नकाशावर दाखवायला मी पट्टी उचलली नाही.

पोरीचा नंबर थोडक्यात हुकला. खाजेमुळे हुकला असं घरात कोणी म्हणत नाही. मी म्हणतो. तिने पुन्हा परीक्षेला बसायचं ठरवलं तेव्हा मी तिला आमच्याकडे घेऊन आलो. माझं टेबल तिला दिलं, नकाशा काढून माळ्यावर टाकला.

दिवाळीनंतरच्या बाजाराला दादा आला. नवा कापूस वेचायला सुरुवात झाली होती. तो खाटेवर बसला, चहा घेतला. मी नेहमीच्या प्रश्नाची वाट पाहत होतो. तो टेबलाकडे वळला.

"बाई, तू पेपर वाचतं ना? काय करावं? ठेवू का विकू?"

पोरीने पुस्तकातून मान वर केली. "मले नाही माहीत, बाबा. विकून टाका."

"बरं," दादा म्हणाला, कप खाली ठेवला आणि व्यापाऱ्याला फोन लावला.

इतकं सोपं होतं ते. 'मले माहीत नाही' एवढंच मी त्या डिसेंबरात म्हणालो असतो, तर ती आज कॉलेजात असती.