तिला विचारलंस का?

कुनाला बी हात लावायच्या आदी सिस्टर दोन्ही तळवे घासून गरम करायच्या. वलवणच्या दवाखान्यात तुमी सुई घेतली आसल तर बगितलं आसलच. "गार हातानं अंग आकसतं. आकसलं की सुई जास्त दुखते," म्हनायच्या. मी म्हनायचो, "सिस्टर, मी तर सुई बगूनच आकसतो." मंग त्या अजून घासायच्या.

बेगडेवाडीवरनं लोकलनं लोनावळ्याला यायच्या, फुडं माझ्या रिक्षानं. मी दुसरीच्या वर्गात तीन वर्सं काढलेला मानूस. स्टँडवर माझी किंमत एकच. सोताची फजिती सांगायची नि लोकांस्नी हसवायचं.

लगीन झालं तवा मी अट्ठावीसचा, ती चोवीसची. पयल्यांदा तिला लय दुखलं, रडली. दुसऱ्यांदा बी तेच. दोस्ताला इचारलं तर म्हनला, "होतं तसं. रेटायचं." म्या गाढवानं रेटलं. ती दात आवळून गप पडली, आन् मला वाटलं, जमलं बरं का!

वर स्टँडवर सांगितलं, "आपुन नवरा न्हाई, दाताचा डाक्टर. जवळ गेलो की बायको दात आवळती." लय हसले. तवापास्नं मी डाक्टर. आठ दिवसांनी नळावर एक बाई माझ्या बायकोला म्हनली, "काय डाक्टरीनबाई, दात कसं हायत?" ती भरलेली घागर तितंच ठिवून म्हायेरी गेली.

एकदा सिस्टर रिक्षात आसताना कुनीतरी वरडलं, "ए डाक्टर!" त्यांनी इचारलं, डाक्टर का? मी इनोद सांगितला, बायकोला दुखतं ते बी. त्या हसल्या न्हाईत.

"रिक्षा बाजूला घे. हे कोणाकोणाला विचारलंस?"

"दोस्ताला. पानवाल्याला. मामेभावाला."

"आणि तिला विचारलंस का?"

मी हँडल धरून बसलो.

"अरे, भीती असली, घाई झाली की आतलं अंगसुद्धा आकसतं. कोरडं असलं की दुखतंच. रक्त आलंच पाहिजे असंही काही नाही. ती थांब म्हणाली की थांबायचं. गप्प राहिली तरी थांबायचं, विचारायचं. तरी दुखत राहिलं तर दवाखान्यात यायचं, त्याला उपाय असतात. सोसणं म्हणजे हो नव्हे."

एवढं सरळ मला कुनीच सांगितलं नव्हतं. आन् मी बी कुनाला इनोद सोडून काय इचारलं नव्हतं.

मी पाया पडलो, ती म्हायेरी गेलीया, तुमीच समजवा म्हनलो. सुट्टीच्या दिवशी त्या माझ्याबरं बायकोच्या गावाला आल्या. मी येशीपाशी थांबलो. तासाभरानं परत आल्या.

"काय म्हनली?"

"सगळं बोलली. आपल्यात काही खोट नाही हे कळल्यावर खूप रडली."

"मंग येती का?"

सिस्टर रिक्षात बसल्या. "म्हणाली, दुखलं ते विसरेन. हसले ते नाही."

घाटाच्या वाटंनं मी कायतरी गमतीचं बोलाया बगत हुतो. मंग सोडून दिलं नि नुसती रिक्षा हाकली. फुडं काडीमोड झाली.

सिस्टर गेल्या साली वारल्या. मी बेगडेवाडीला गेलतो. दारात चपलांचा ढीग, आत बायाच बाया, त्यात ती. निघताना चपला घालाया भाईर आली. मी दोन पावलं फुडं झालो, कशी हायस इचारावं म्हनून. ती शेजारच्या बाईच्या मागं सरकली.

माझ्या चपला तिच्या पायापाशीच हुत्या. त्या तितंच सोडल्या नि अनवानी टेसनात आलो.