विकतची मासवडी

नारायणगावात टोमॅटोच्या बाजाराच्या मागे आमची गल्ली आहे. इथे खायला काय मिळतं यापेक्षा काय मिळत नाही तेच विचारा. तोंडाशी अण्णांची डोशाची गाडी. अण्णा उडुपीकडचे, पण आता शिव्या मराठीत देतात. त्यांच्या पलीकडे जुन्नरच्या चाचांची बिर्याणी. मग लिट्टी-चोखा विकणारं बिहारचं जोडपं, कारण हंगामात बाजारात उत्तरेकडचे ट्रक ओळीने उभे असतात आणि त्या ड्रायव्हरांना आमची भाकरी तुटत नाही. मधोमध शेठचं दोन मजली हॉटेल. त्याच्या पाटीवर पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, गुजराती असं सगळं लिहिलेलं आहे आणि आत सगळ्याची चव एकच आहे. आणि शेवटच्या कोपऱ्यात मी, माझी खाणावळ.

माझीही पाटी आधी तशीच होती. पनीर, शेवभाजी, व्हेज कोल्हापुरी. एक दिवस मला त्या पनीरचा असा काही वीट आला की मी पेंटरला बोलावलं आणि पाटी पुसायला लावली. लिही म्हटलं, मासवडी, रस्सा, बाजरीची भाकरी. त्याने लिहिलं आणि ब्रश हातात धरून उभा राहिला. बाकी काय लिहू, असं त्याने तीनदा विचारलं. बाकी काही नाही, असं मीही तीनदा सांगितलं.

आमचे मालक दारातच उभे होते. म्हणजे माझे यजमान. हा माणूस स्वभावाने इतका मऊ की आजवर कुणालाही नाही म्हणालेला नाही. मला पाटीसाठी हो म्हणाले आणि त्याच आठवड्यात एका मोबाइलवाल्यालाही हो म्हणाले, ज्याला आमचा गाळा भाड्याने हवा होता. मग घरात जे व्हायचं ते झालं. शेवटी ठरलं असं, की टोमॅटोचा हंगाम संपेपर्यंत मासवडी चालली तर खाणावळ राहील, नाही चालली तर गाळा मोबाइलवाल्याला. मी म्हटलं, ठीक आहे. बाहेरून ठीक म्हटलं. आतून घाबरले होते, कारण स्वयंपाक सोडून मला दुसरं काही येत नाही आणि घरी बसणं तर अजिबात येत नाही.

पाटी वाळायच्या आत शेठ हॉटेलाच्या पायऱ्यांवर आले. दात कोरत त्यांनी ती पुरती वाचली.

"वैनी, मासवडी कोण इकत घेऊन खातं?" ते म्हणाले. "मासवडी खायची झाली तर लोकं मावशीकडं जात्यात."

सगळी गल्ली हसली. आमचे मालकही हसले, त्यांचा समाचार मी नंतर घेतला. मला राग आला तो हसण्याचा नाही. शेठ खरं बोलले होते, त्याचा आला.

माझं माहेर शिनोलीचं. तिकडे कुणाच्या घरी मासवडीचा बेत असला की आवतण द्यावं लागत नाही. लसूण-मिरचीच्या फोडणीत पाणी उकळलं, त्यात बेसन पडलं, की वासावर शेजारणी मागच्या दाराने आत येतात. एकीने ते पीठ हटायचं, म्हणजे लाटण्याने गरागरा घोटत राहायचं, गाठ होऊ द्यायची नाही. एकीने तो गरम गोळा ओल्या फडक्यावर हाताने थापायचा. एकीने वर तीळ, सुकं खोबरं, लसूण, कोथिंबिरीचं सारण पसरून फडक्यासकट गुंडाळून लांब लोळी करायची. एकीने वड्या कापायच्या. पीठ गार झालं की चिरतं, म्हणून सगळं झटपट आणि एकदम. जिच्या हाताला चटका सोसतो तिला थापायला बसवतात. आमच्या आईला बसवायचे. तो तळहात मला माहेरची इस्टेट म्हणून मिळाला.

एकट्या बाईचं हे कामच नाही. म्हणून तर ही वडी हॉटेलात गेली नाही, घरातच राहिली. मी लोणी गावच्या दोघी जावा कामाला ठेवल्या. त्यांच्या सासऱ्याची अजून मेंढरं आहेत, पण या दोघी शेती करून रोज एस्टीने येतात. थोरली पीठ हटायची, धाकटी सारण भरायची, थापायला मी.

सुरुवातीला लोक यायचे, बसायचे, वडीला वेळ लागेल म्हटल्यावर मोबाइल बघायचे आणि उठून शेठकडे पनीर खायला जायचे. बाजारात आलेले शेतकरी पाटी वाचून म्हणायचे, परवाच घरी झाली की. मला वाटायचं, यांना एकेकाला हाताला धरून आत बसवावं. मासवडी पहिल्यांदा पैसे देऊन खाल्ली ती परक्यांनी. उत्तरेचा एक ड्रायव्हर भूक लागली म्हणून बसला आणि दुसऱ्या दिवशी आणखी चौघांना घेऊन आला. आंध्रचा एक टोमॅटोवाला व्यापारी नुसता रस्सा पीत बसला. इकडे आल्यापासून पहिल्यांदाच तिखट खातोय, असं त्याने मला सांगितलं आणि डोळे पुसले. मग आपली माणसं बघायला लागली, की हे लोक काय खातायत. हे मला अजून लागतं. आपल्या ताटातलं आपल्याला दिसायला दुसऱ्याने खावं लागतं.

पण एवढ्याने गाळा सुटत नव्हता. मोबाइलवाला येऊन भिंतींची मापं घेऊन गेला होता.

वैशाखात शेठच्या मुलीचा साखरपुडा ठरला. मुलाकडचे साताऱ्याचे, घरात निम्मे माळकरी. त्या विहीणबाईंनी फोनवर सांगितलं, की पनीर आम्ही रोजच बघतो, तुमच्या भागातली मासवडी ऐकून आहोत, तीच करा. शेठच्या भटारखान्यात सगळे आचारी बाहेरचे. शेठच्या मालकिणीला मासवडी येते, पण दहा माणसांची, दीडशे पानांची नाही. मग शेठनी मॅनेजरला माझ्याकडे पाठवलं. मी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी यावं.

शेठ आले. बाकावर बसले, इकडचं तिकडचं बोलले, पावसाचा अंदाज सांगितला. मुद्दा बाहेर पडायला चहाचे दोन कप लागले. मी तो प्रत्येक घोट मनापासून बघितला. त्या तारखेला मात्र आमच्या मालकांनी परस्पर हो म्हटलं आणि मी आनंदाच्या भरात कॅलेंडर बघितलं नाही.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सारण भाजून, कुटून, डब्यात भरून झाल्यावर थोरली जाऊ हात पुसत म्हणाली, "ताई, उद्या आमी न्हाई. गावची जत्रा हाय. मालकास्नी मागंच सांगितलं व्हतं, ते हो म्हनले."

मी मालकांकडे पाहिलं. ते भिंतीकडे पाहत होते. त्यांनी शेठलाही हो म्हटलं होतं आणि या दोघींनाही. आता जत्रा म्हणजे वर्षातून एकदा, लेकी माहेरी येणार, देवाचा निवद यांच्या घरचा. थांबा असं म्हणायला माझी जीभ वळेना. जा म्हटलं, माझ्या नावाचा नारळ फोडा.

सकाळी रस्सा उकळला तोवर मी शहाणीच होते. मग पहिला घाणा लावला. मालकांना पीठ हटायला बसवलं. त्यांनी ते इतक्या हळुवारपणे हटलं की गाठीच गाठी. त्यातून लोळ्या मीच थापल्या, मीच भरल्या, मीच गुंडाळल्या, आणि चौथ्या लोळीला हात घातला तर पातेल्यातलं बाकीचं पीठ आवळून ठोकळा झालेलं. थापायला गेले तर तडा. अख्खं पातेलं वाया. समोर शेठच्या हॉटेलाच्या वरच्या मजल्यावर साखरपुड्याची सनई लागली होती आणि माझ्या परातीत तीन लोळ्या. त्या क्षणी मला स्पष्ट दिसलं, की आज दुपारी सगळ्या बाजाराला कळणार, आणि पुढच्या महिन्यात इथे मोबाइलची कव्हरं लटकणार. मला रडू आलं. मी रडत रडत मालकांना जे बोलले ते गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू गेलं असणार.

कारण तेवढ्यात मागच्या दारातून अण्णा आत आले. गाडी मुलाच्या हवाली करून, हात धुऊन.

"ताई, गरम आहे तोवर पसरायचं, एवढंच ना?" ते म्हणाले. "मी तीस वर्षं तेच करतोय."

त्यांच्या मागून चाचा. चाचा दारातच थांबले. म्हणाले, "पोरी, माझी भांडी न्हाई आणली. पावणं माळकरी हायती. नुसतं हात आणल्यात." आमचे मालक माझ्या कानाशी लागून पुटपुटले, की पाहुण्यांना चालेल का. मी म्हटलं, हात धुतलेत का एवढंच मी विचारते, तुम्हालाही तेच विचारते. चाचांनी कोपरापर्यंत हात धुतले, माझं लाटणं घेतलं आणि पातेल्यासमोर असे पाय रोवून उभे राहिले की पिठाला गाठी धरायची हिंमत झाली नाही. रोज बिर्याणीचा हंडा हलवणारा दंड तो. शेवटी लिट्टीवाली आली. तिला काही सांगावंच लागलं नाही. रोज गोळ्यात सत्तू भरते, सारण कुठे किती हे तिच्या बोटांना ठाऊक. मालकांना मी सुरी दिली आणि फक्त कापा म्हटलं.

अण्णांचं एकच झालं. फडक्यावर पीठ पडलं की त्यांचा हात मधून सुरू होऊन गोल गोल बाहेर जायचा. मी ओरडायचे, "चौकोनी, अण्णा, चौकोनी." ते हो हो म्हणायचे आणि पुन्हा गोल. गोलाची गुंडाळी केली की टोकं निमुळती आणि मधली वडी ही जाडजूड. दोन-तीनदा सांगून मी नाद सोडला. माझ्या चौकोनी, त्यांच्या गोल, अशा लोळ्या परातीत पडत गेल्या. चटके आम्हा दोघांनाही बसत होते आणि आम्ही दोघंही ते दाखवत नव्हतो. मधेच मला शिनोलीचं घर आठवलं. मागच्या दाराने, न बोलावता, वासावर येणाऱ्या त्या बायका. इथे वासाऐवजी माझा आरडाओरडा होता, एवढाच फरक. मला पुन्हा भरून आलं, पण हात रिकामा नव्हता म्हणून राहून गेलं.

पानं वाढायला घेतली आणि आम्ही पाचही जणांनी पराती घेऊन रस्ता ओलांडला.

पहिली पंगत बसली. मी जिन्यापाशी उभी राहून एकेक तोंड बघत होते. विहीणबाईंनी वडी रश्श्यात बुडवली, खाल्ली, आणि वाढप्याला हाक मारून म्हणाल्या, की मला ती मधली जाड वडी हवी. मग शेजारणीलाही जाडच हवी झाली. गोल थापलेल्या लोळ्या आधी संपल्या. अण्णा माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

एका म्हाताऱ्या माळकरी पाहुण्यांनी करणाऱ्यांना बोलवा म्हटलं. आम्ही तसेच पुढे गेलो, केसांत बेसन, अंगाला फोडणीचा वास. शेठनी ओळख करून दिली, "ह्या आमच्या वैनी." मी म्हटलं, मी एकटी नाही, आणि तिघांनाही पुढे केलं, कुणाचं काय काम ते सांगितलं. म्हाताऱ्या बाबांनी चाचांना जवळ बोलावलं. मालक पुन्हा माझ्या कानाशी आले. बाबा म्हणाले, "पीठ तुमी हटलं? एक गाठ न्हाई, राव. आमच्या सुनांना शिकवाया या एकदा." चाचांच्या दाढीआड हसू मावेना. त्या दिवशी जिना उतरताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते. मी जिंकले होते आणि मला ते सगळ्या गल्लीला ओरडून सांगावंसं वाटत होतं. लिट्टीवाली मात्र घाईने निघून गेली, तिची दुपारची गिऱ्हाइकं खोळंबली होती.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी, भर दुपारी, माझी सगळी बाकं भरलेली असताना शेठ दारात उभे राहिले. हातात स्टीलचा डबा.

"वैनी, सहा पिलेटी द्या," ते हळूच म्हणाले. "वर पुण्याची मंडळी बसल्यात. मासवडीच पायजे म्हनत्यात."

अण्णांचा उलथणं धरलेला हात थांबला. चाचा बिर्याणीचं झाकण धरून उभे राहिले. लोणीच्या दोघी जावा जत्रेहून परतल्या होत्या, त्यांना सगळं कळलेलं होतं, त्याही थबकल्या.

"कोण इकत घेऊन खातं, भाऊ?" मी विचारलं.

शेठनी एकदा गल्लीकडे बघितलं, एकदा डब्याकडे.

"मी," ते म्हणाले.

मी त्यांना बाकावरच्या माणसांना सरकवून जागा करून दिली आणि सांगितलं, बसा, पीठ हटायला घेतलंय, गरम देते. ते बसले, नंबर येईपर्यंत बसले, सगळ्यांसारखे पैसे मोजून डबा घेऊन गेले. मी एक रुपया कमी केला नाही.

ते रस्ता ओलांडत होते तेव्हा आमच्या मालकांनी खिशातून फोन काढला. मोबाइलवाल्याला लावला. पलीकडून तो बरंच काही बोलत असावा, कारण हे नुसतं ऐकत होते, मान खाली घालून, नेहमीसारखे. मी लाटणं हातात घेऊन उभीच होते. मग त्यांनी मान वर केली.

"नाही," ते म्हणाले, "गाळा द्यायचा नाही."

आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस कुणाला तरी नाही म्हणाला, आणि मी तो शब्द नीट ऐकू यावा म्हणून गॅस बारीक केला होता.