दव वाळेपर्यंतची शाळा

"ताई, सुनंदा उठून नाही राहिली."

मनोहरचा फोन आला तेव्हा अमरावतीत नुकतं उजाडलं होतं. "झोपू दे की तिला," मी म्हणाले. "रोज पहाटे उठते, एक दिवस लोळली तर काय आभाळ कोसळतं?" माझा हा धाकटा भाऊ लहानपणापासून घाबरट. मग त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, अगदी हळू, आणि मला समजलं... गाडीतून मूर्तिजापूर मागे पडलं, मनोहरचं अकोला आलं, तरी मला वाटत होतं की मी दारात उभी राहिले की ती आतून म्हणेल, "बसा ताई, चहा टाकते." ती काही म्हणाली नाही. झोपेतच गेली होती. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं. मी ऐकलं आणि विसरले.

सुनंदा माझी भावजय. माहेर वलगावचं, घरी शेती, पाठचे दोन भाऊ, आणि बोलणं असं की समोरच्याला आधी लागायचं आणि मग पटायचं. बार्शीटाकळीच्या पुढे एका गावात जिल्हा परिषदेची दहावीपर्यंतची शाळा आहे, तिथं ती मुख्याध्यापिका होती. मी जन्मभर अमरावतीच्या एका नामांकित खाजगी शाळेत मराठी शिकवलं. निकाल लागला की आमच्या शाळेबाहेर गुणवंतांच्या फोटोंचे एवढे मोठे फलक लागायचे, आणि मी ते तिला कौतुकानं सांगायची. ती भाकरी थापता थापता ऐकून घ्यायची. एकदा म्हणाली, "ताई, तुमच्या शाळेत हुशार पोरं येतात अन् हुशारच बाहेर पडतात. तुमी मधात काय करता?" मनोहर हसून हसून लाल झाला. मला राग आला होता. आणि उत्तर आजतागायत सापडलेलं नाही.

तिच्या शाळेचं दुखणं वेगळं होतं. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की वर्ग ओस पडायचे. पोरंपोरी आईबापासोबत शेतात. मुलगे निदान संक्रांतीनंतर परत येत, पण आठवी-नववीची पोरगी एकदा वेचणीला लागली की तिचं दप्तर खुंटीलाच राहायचं. सुनंदानं आधी घरोघरी जाऊन विनवण्या केल्या, भांडली, काही उपयोग झाला नाही. मग शेतकऱ्याची लेक तिच्या कामी आली. तिला माहीत होतं की पहाटेचा कापूस दवानं ओला असतो, ओला कापूस कोणी वेचत नाही. ऊन वर येईपर्यंत शेताला पोरांची गरजच नसते. तिनं मारुतीच्या पारावर गावाला बोलावलं आणि सांगितलं, "दव वाळेपर्यंत पोरं माही. दव वाळलं का तुमची." वेचणीचे दिवस संपेपर्यंत शाळा सकाळी सातला भरेल आणि साडेदहाला सुटेल, असं ठरलं. शिक्षण खात्याच्या तेव्हाच्या साहेबांनी तोंडी होकार दिला होता. गावानं शब्द पाळला, तिनंही पाळला. त्यानंतर त्या शाळेतून वेचणीपायी शाळा सोडलेली पोरगी मला तरी ठाऊक नाही.

गेल्या वर्षी मूल्यांकन निघालं. शाळेचा अभ्यास कसा आहे, मुलांचं शालेय जीवन कसं आहे, हे पथक येऊन पाहणार आणि श्रेणी देणार. ज्या शाळेची श्रेणी खालची आणि पटही कमी, तिची नववी-दहावी तालुक्याच्या शाळेत मिसळणार. पट कमी होताच. म्हणजे सगळं श्रेणीवर आलं. तालुक्याला जायला गावातून शाळेच्या वेळेची एसटी नाही. मुलगे कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसून जातील, पण पोरींना कोण धाडणार? सुनंदाला हे पाठ होतं, आणि भीतीही वाटत होती. मी निवृत्त झालेली, तेव्हा त्यांच्याकडे अकोल्यात होते, तर मलाही सोबत नेऊ लागली. "ताई, घरी बसून जागा झिजवण्यापेक्षा दहावीचं मराठी घ्या."

पथक ऐन वेचणीच्या दिवसांत, सकाळी आठला येणार होतं. पोरं धुतलेल्या गणवेशात, केसांना तेल, अंगण शिंपलेलं, भिंतीवर पोरींनी काढलेली चित्रं. आठ वाजले, नऊ वाजले. आधीच्या शाळेत वेळ लागला, निघालोच, असा निरोप आला. दहा वाजले... साडेदहाला पोरांना न्यायला त्यांच्या आया फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या, कोणी आत आलं नाही. मी सुनंदाला बाजूला घेतलं. "आजच्या दिवस थांबव पोरांना. एका दिवसानं काय होतं?"

"ताई, एक दिवस मी शब्द मोडला का उद्या ते मोडतील. मंग मले कोणत्या तोंडानं बोलता येईल?"

तिनं घंटा वाजवायला सांगितली. पोरं शेताकडे गेली.

अकराच्या पुढे पथकाची गाडी आली. पुढचे साहेब तरुण, बोलायला सभ्य, उशिराबद्दल त्यांनी माफीही मागितली. रिकामे वर्ग बघून मात्र गोंधळले. सुनंदानं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "चला, शाळा दाखवते तुमाले." शाळेमागच्याच शेतात ती त्यांना घेऊन गेली. बूट ढेकळांत रुतत होते. नववीची रोशनी कमरेला ओटी बांधून वेचत होती, आई शेजारच्या ओळीत. साहेबांनी तिला गणित घातलं. तिनं हात न थांबवता उत्तर दिलं. त्यांनी दुसरं घातलं, जरा अवघड. ती थांबली, ओठ हलवले, उत्तर दिलं. मग त्यांनी विचारलं, "शाळेत तुला सगळ्यात काय आवडतं?" मला वाटलं आता वाचनालय म्हणेल, स्नेहसंमेलन म्हणेल. ती म्हणाली, "शाळा सोडा नाही लागत, ते."

साहेबांनी मोबाईल वर केला, इकडेतिकडे फिरवला, आणि ओशाळून म्हणाले, "मॅडम, मला दिसतंय सगळं. पण हे मूल्यांकनाचं ॲप शाळेच्या आवाराबाहेर फोटोच घेत नाही. वर्गात, भेटीच्या वेळी, हजर विद्यार्थी... तेवढंच भरता येतं." रोशनीची आई म्हणाली, घेऊन जा पोरीले, फोटो काढा. पण एकट्या रोशनीनं वर्ग थोडाच भरतो? बाकीची पोरं कुठल्या कुठल्या शेतांत पांगलेली. दोन-चार जमा झाली, धावत आली, धापा टाकत बाकांवर बसली. पथकाला पुढची शाळा होती. साहेबांनी जाताना सुनंदाला हात जोडले. त्या माणसाचा मला राग येत नाही, हेच मला सहन होत नाही. कोणावर तरी ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं.

श्रेणी खालची आली. मग सुनंदा अकोल्याच्या कार्यालयात खेटे घालत राहिली. या टेबलावरून त्या टेबलावर, आणि प्रत्येक जण म्हणे, "बरोबर आहे मॅडम तुमचं." एका संध्याकाळी पायरीवर चप्पल काढता काढता तिथंच बसली. "सगळेच बरोबर आहे म्हणून राहिले ताई. मंग चुकून कोण राहिलं?" मी तिच्यापेक्षा वयानं मोठी, एवढी वर्षं शिकवलेली बाई, मी तिच्या शेजारी नुसती बसले. दुसरं काय करणार होते?

जूनमध्ये नववी-दहावी गेली, आणि तिची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. रोशनीसकट नववीतून दहावीत आलेल्या पोरींची नावं तालुक्याच्या शाळेत लागली. नावं लागली, पोरी गेल्या नाहीत. सुनंदा रविवारी बस बदलत त्या गावी जायची, आयाबापांशी बोलायची. रोशनीच्या बापानं तिला खाट टाकून दिली, चहा दिला आणि म्हणाला, "मॅडम, तुमी होत्या तं धाडत होतो. आता कोणाच्या भरोशावर धाडू?" परत आल्यावर तिनं हे मला फोनवर सांगितलं. फोन ठेवायचंही सुचलं नाही दोघींना.

तेरवी झाली तरी मी अकोल्यातच राहिले आहे. मनोहरला एकटं सोडवत नाही. वेचणी पुन्हा सुरू झाली. परवा पहाटे पाचला सुनंदाचा फोन वाजला आणि एका घंटीत बंद पडला. मी दचकून उठले. मनोहर आधीच उठून त्या फोनसमोर बसलेला.

"कोणाचा?"

"रोशनीच्या बापाचा नंबर आहे. ते पोरगीच करते." मग त्यानं सांगितलं, ते मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. वेचणीच्या दिवसांत सुनंदा पाचला उठून एकेका घरी मिस कॉल द्यायची. पोरगी जागी झाली की उलटा मिस कॉल द्यायची. सगळ्यांचे आले की मग सुनंदा अंघोळीला जायची.

"सुनंदा गेली, हे तिला माहीत नाही का?"

"माहीत आहे. तेरवीले आली होती. तरी रोज करते."

मी म्हणाले, "मग एकदा तू उलटा दे. पोरीला बरं वाटेल."

त्यानं फोन हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला. बाहेर अजून अंधार होता.

"देला तं ते दप्तर घेऊन निघन, ताई," तो म्हणाला. "अन् जाईन कुठं?"