वहिनीचं कानाचं पॅकेज

कानाची यंत्रं लावून देण्याच्या आमच्या दुकानात कामाची वाटणी सरळ आहे. वहिनी कान तपासते आणि यंत्रं जुळवते. मी काउंटरवर बसून बॅटऱ्या विकतो आणि ऐकू न येणाऱ्या गिऱ्हाइकांशी घसा फोडून बोलतो. वहिनी कधी आवाज चढवत नाही. ओठ दिसतील अशी समोर बसते, सावकाश बोलते, आणि लोकांना तिचंच कळतं. माझ्या ओरडण्याचा उपयोग फक्त शेजारच्या चष्मेवाल्याला. आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांची दुखणी त्याला तोंडपाठ आहेत.

वहिनीच्या पॅकेजची सुरुवात माझ्या वडिलांच्या यंत्रापासून झाली. बाबांचं यंत्र जुनं, पण ठणठणीत. एक दिवस कंपनीचा जुळवणीचा प्रोग्रॅम त्याला ओळखेनासा झाला. नवीन यंत्र घ्या म्हणे! चालतं यंत्र कचऱ्यात टाकायचं, याचा मला आजही संताप येतो. वहिनीनं संताप वगैरे केला नाही, स्वतःच प्रोग्रॅम लिहायला बसली. सासऱ्यांचं यंत्र पुन्हा बोलतं झालं तेव्हा तिला वाटलं, असे बाबा इतरही घरांत असतील.

म्हणून तिनं तो प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला केला. अशा कामांसाठी एक सामायिक कोठार असतं. जगभरची हौशी माणसं आपले छोटे छोटे प्रोग्रॅम पॅकेज करून त्यात ठेवतात. कुणालाही हवं ते घेता येतं, आतून उघडून बघता येतं, बदलता येतं. मालकानं नवीन आवृत्ती ठेवली की ज्यांनी तशी सोय करून ठेवली आहे त्यांच्याकडे ती आपोआप पोचते. फक्त एक नियम कडक आहे. एकदा ठेवलेली आवृत्ती परत घेता येत नाही. तिच्यावर ‘वापरू नका’ असा शिक्का मारायचा आणि पुढच्या आकड्याची नवीन आवृत्ती ठेवायची. ज्यांनी आधी उचलली, त्यांनी उचलली. ती कुणी उचलली हेही कळत नाही. नुसता उचलणाऱ्यांचा आकडा वाढताना दिसतो.

त्या दुपारी वहिनीनं नवीन आवृत्ती ठेवली आणि नेहमीप्रमाणे आधी बाबांना खुर्चीत बसवलं. यंत्र जुळवून झालं की पाठीमागे उभं राहून जोरात टाळी वाजवायची, ही तिची पद्धत. माणसानं नुसती पापणी लववली तर सगळं ठीक. कारण यंत्रात आवाजाची एक वरची मर्यादा घालून दिलेली असते. बाहेर कितीही दणका होवो, त्याच्या वर आवाज कानात जायचा नाही.

वहिनीनं टाळी वाजवली. बाबा किंचाळले.

माझ्या बापाला मी आयुष्यात कधी किंचाळताना ऐकलं नव्हतं. ते दोन्ही हातांनी डोकं धरून वाकले. वहिनीनं झडप घालून यंत्र त्यांच्या कानातून उपटून काढलं. मी पाणी आणायला धावलो. परत आलो तर ती संगणकासमोर उभी, चेहरा पांढराफटक.

“मर्यादा काढलेली आहे,” ती म्हणाली. “सकाळी धातूच्या खोट्या कानावर मोजमाप घेताना मीच काढली होती. ती परत घालायची राहिली, आणि मी त्याच फोल्डरमधून आवृत्ती ठेवली.”

“मग घाल की आता परत.”

“इथली घालीन हो, भाऊजी. बाहेर गेलेल्यांचं काय?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिनं शिक्का मारला, दुरुस्त आवृत्ती ठेवली, सूचना टाकली. तरी आधीच्या आवृत्तीसमोरचा आकडा वाढतच होता. एकेक आकडा म्हणजे कुठल्या तरी गावातली आमच्यासारखी खोली, तशीच खुर्ची आणि तिच्यात विश्वासानं बसलेला एक कान. अशा माणसांकडे मुळातच ऐकणं थोडंसं उरलेलं असतं. तेवढंही गेलं तर?

संध्याकाळपर्यंत बाबांचा कान ताळ्यावर आला. “बऱ्याच वर्षांनी या घरात कुणीतरी मला ऐकू येईल असं काही केलं,” ते म्हणाले. मी हसलो. वहिनी हसली नाही.

पुढचे दिवस आमचा जीव टांगणीला लागला होता. फोन वाजला की ती दचकायची. जेवताना घास हातात तसाच राहायचा. मी म्हणालो, “इतके दिवस काही आलं नाही, म्हणजे काही झालं नसेल.” ती म्हणाली, “ज्याला ऐकू येत नाही तो कुणाला फोन करणार?”

शेवटी निरोप आला. खूप लांबच्या एका तपासणाऱ्या बाईंचा. त्यांच्याकडे एका लहान मुलीला तीच आवृत्ती लागली होती, आणि शेजारी दार आपटलं होतं. वहिनीनं एक शब्दही न लपवता कळवलं, चूक माझी आहे, मुलीचा कान तपासा, मला सांगा. उत्तर येईपर्यंत तिनं दुकानातल्या कुठल्याही यंत्राला हात लावला नाही. गिऱ्हाइकांना मी थापा मारून वाटेला लावलं.

उत्तर आलं. मुलीला पूर्वी जेवढं ऐकू येत होतं तेवढंच येतंय. फक्त आता यंत्र समोर आणलं की ती दोन्ही हातांनी कान झाकते.

मी खुर्चीत धपकन बसलो. “सुटलीस, वहिनी! कान वाचला.”

“कान वाचला,” ती म्हणाली. “पण ती ऐकायला घाबरते हो, भाऊजी.” आणि इतके दिवस थोपवून धरलेलं रडू तिला फुटलं.

मी सांगून पाहिलं, हे लचांड दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घाल आणि मोकळी हो. तिला ते पटलं नाही. जुन्या यंत्रांना दुसरं कोण आहे, म्हणाली.

परवा तिची पुढची आवृत्ती तयार झाली. कोठारात ठेवण्याआधी तिनं यंत्र बाबांना लावलं नाही, स्वतःच्या धडधाकट कानात घातलं आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसली.

“भाऊजी, मागे उभे राहा. टाळी वाजवा.”

बाळाला थोपटावं तशी मी वाजवली.

“अशी नाही. दार आपटल्यासारखी.”

तिनं डोळे गच्च मिटले. खांदे कानांपर्यंत वर आले होते आणि खुर्चीचा हात तिनं घट्ट धरला होता. मी हात उचलले. मग होता नव्हता तेवढा जोर लावून टाळी वाजवली.

“ठीक आहे,” वहिनी म्हणाली. डोळे उघडायला मात्र तिला बराच वेळ लागला.