सुटकेसमधलं लोणंद

लालासाहेबनानांनी सांगलीत दुसरं घर केलंय, ही आवई लोणंदभर फिरली. ती उठवणारा मीच, हे आधी कबूल करतो. माणूस चौसष्टचा, पलटणीतून हवालदार होऊन आलेला, बायको जाऊन दहा वर्षं झालेली. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दाढी घोटून, मिशीला कलप लावून, तपकिरी सुटकेस घेऊन हा सांगलीची गाडी धरतो. शेजाऱ्याने काय समजायचं? मी सलूनमध्ये एवढंच म्हणालो, "सुटकेसमध्ये साड्या असतील." बाकीचं गिऱ्हाइकांनी केलं.

मग नानांचा गुडघा सुजला आणि सुटकेस उचलायला त्यांनी मलाच बोलावलं. "चल सिद्धू. तुलाच लय चौकशी हाय."

गाडी सुटल्या सुटल्या मी ती उघडायला लावली. आत साड्या नव्हत्या. आत लोणंद स्टेशन होतं.

थर्माकोलचा फलाट. भांडी घासायच्या हिरव्या काथ्याची झाडं. पिवळ्या पाटीवर बारीक काळ्या अक्षरात 'लोणंद'. भोवती टीचभर रूळ, आणि त्यावर सेलवर पळणारं करंगळीएवढं इंजिन, मागे चार डबे. इंजिन, डबे न् रूळ तेवढे पुण्याहून आणलेले, बाकी सगळं नानांच्या हातचं. आठ महिने खपले होते. फलाटावर काड्यांचं बाकडं, त्यावर एम-सीलचा निळ्या शर्टातला माणूस, मांडीवर लाल ठिपक्याएवढी पोरगी.

"ह्यो पाठमोरा का बसलाय?" मी खोचकपणे विचारलं. "उधारी चुकवतोय?"

"त्वांड जमंना मला," नाना म्हणाले. "तीनदा केलं. तिन्हीदा दुसराच कुणीतरी व्हायला लागला."

 तेव्हा कुठे तो निळा शर्ट मी ओळखला. नानांचा एकुलता एक ऋषिराज शिरवळच्या एका कंपनीत होता, तिथला तो युनिफॉर्म. सुट्टीच्या दिवशी लेकीला मोटारसायकलच्या टाकीवर बसवून तो स्टेशनात न्यायचा. बाकड्यावर बसून दोघं मालगाडीचे डबे मोजायची. राजनंदिनी तेव्हा तीन वर्षांची. तिला दहापर्यंतच यायचं, मग पुन्हा एकपासून. त्याच वर्षी कामावरून परतताना ट्रकने त्याला उडवलं.

सून संयोगिता तेव्हा सत्तावीसची. नानांनी स्वतः हिंडून सांगलीचा विश्वजीत शोधला आणि कन्यादानाला स्वतः बसले. भावकीतलं कुणी फिरकलं नाही. "सुनेला कुठला सासरा उजवतो?" असं लोक म्हणाले. नाना म्हणाले, "सून ऋषिराजबरोबर गेली. ही माझी लेक हाय."

पण लेक म्हटलं की आपल्याकडे लेकीच्या घरचं पाणी आडवं येतं. तिथे नातवंड होईपर्यंत जुनी माणसं घोट घेत नाहीत; म्हणून नाना तिकडे जातच नसतील, असं मी धरलं होतं. मी वकिली केली, "आवं नाना, नात हाय की!"

"ती आमच्या घरातली. त्या घरात पाळणा हलू दे, मग पितो."

म्हणून हा बाबा सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या घराच्या उंबऱ्याआत जात नाही. आत गेलं की पाणी पुढे येतंच. पडवीत तासभर बसायचं, स्वतःची बाटली जवळ ठेवून. तिथे काय मावेल? मांडीवर उघडेल न् मिटेल एवढंच. आजवर सुटकेसमधून नातीचा खाऊ जायचा, स्टेशन आज पहिल्यांदा निघालं होतं.

"पोरगी बापाला इसरत चाललीय रं," सांगली जवळ आल्यावर ते म्हणाले. "फोटो दावला की नुसती मान हलवती. ठेसन बघून तरी आठवंल."

पडवीत संयोगितानं चहा आणला. मी दोन कप ढोसले. "नाना, घोटभर तरी," ती म्हणाली. नानांनी बाटलीचं झाकण काढलं.

सुटकेस उघडली तशी राजनंदिनी, आता सहा वर्षांची, उकिडवी बसली. इंजिन पळालं. "एक, दोन, तीन, चार... एवढेच डबे, आजोबा?" मग तिचं बोट बाकड्यावर आलं. "इथे कोण बसलंय?"

"तूच सांग," नाना म्हणाले.

आतल्या खोलीत विश्वजीत दाराकडे पाठ करून पेपर तपासत बसला होता. पोरीनं एकदा आत पाहिलं, एकदा बाकड्याकडे.

"पप्पा! ते बघा, तसेच बसलेत. आणि ही मी!"

संयोगिता ट्रे खाली ठेवून सुटकेसवर वाकली. तिनं शर्ट ओळखला होता. मी तोंड उघडलं, जन्मात पहिल्यांदा खरं सांगायला. नानांनी माझा गुडघा दाबला.

"व्हय बाळा," ते म्हणाले. "तुजं पप्पाच."

सेल मंदावेपर्यंत गाडी फिरत राहिली. पोरगी टाळ्या वाजवत होती.

परतीच्या गाडीत कऱ्हाड गेलं. सुटकेस नानांच्या मांडीवरच. मला राहवेना. म्हटलं, "आठ महिने डोळे कशाला फोडले मग? एका शब्दाचं काम होतं. सांगायचं की, ह्यो ऋषिराज."

नाना खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "सिद्धू, लेक दिलीय मी. त्या घरातलं पाणी पीत न्हाई, मग पोरीचा त्या घरातला बाप कसा उचलून आणू?"