घसरगुंडीच्या रांगेतले हातवारे

वॉटर पार्कमधल्या उंच घसरगुंडीच्या रांगेत उभं राहून माझं डोकं पार तापलं होतं. जिन्याच्या टोकाला युनिफॉर्ममधली एक मुलगी माणसं सोडत होती, आणि मध्येच तिने सगळ्यांना थांबवलं. मी खालून ओरडून कारण विचारलं, पण स्पीकरवरच्या गाण्यांपुढे कोण ऐकतंय! मी तावातावाने तक्रार करायला निघाले, तर आप्पांनी माझा दंड धरला.

आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांची हयात नवागामजवळच्या कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यांत गेली. तिथल्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून कारीगर हातांनीच बोलतात. आप्पांनी सवयीने वर पाहत पंजा हलवला: काय झालं?

मुलगी क्षणभर बघत राहिली. मग तिने दोन्ही हातांच्या चिमट्या जुळवून फटकन वेगळ्या केल्या. धागा तुटलाय. म्हणजे काहीतरी बिघडलंय, जोडलं की सुरू होईल.

"कारीगराची पोर आहे," आप्पा म्हणाले. "आता ओरडू नको."

मी रांगेतली माझी जागा पुन्हा धरली. आमचा नंबर आला तेव्हा दुपार कलली होती. वर पोचल्यावर आप्पांनी बोटं जुळवून तोंडाकडे नेली: जेवलीस का? तिने नाही म्हणून मान हलवली, आणि त्यांच्या हातांची छातीशी नीट घडी घालून त्यांना हळूच सोडलं.

मी वरून पाहिलं, खाली पाण्यातून डोकं वर काढल्याबरोबर आप्पांनी, मला शोधायच्याही आधी, तिच्याकडे हात केला: जेवून घे.