पहिल्या गाडीतली जागा

मंजिरीच्या दोन बॅगा पॅसेजमध्ये बांधून ठेवल्या होत्या. चार वाजता तिचा मित्र गाडी घेऊन येणार होता. शिकायला आल्यापासून ती बाबांच्या पलटणीतल्या मानवेलकाकांकडे राहत होती; आता क्लेटनला, युनिव्हर्सिटीजवळ, तिला खोली मिळाली होती. मानवेल तुस्कानोने चहा टाकला. त्याची बायको ज्युलियाना हॉस्पिटलमध्ये शिफ्टला होती, त्यामुळे घरात दोघंच.

"काका, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार की."

"काल जेवताना तुम्ही म्हणालात, तुमच्या सेक्शनचा एक नियम होता. रस्ता जो तपासेल, त्यानेच पहिल्या गाडीत बसायचं."

मानवेलचा हात चहाच्या गाळणीवर थांबला.

काल तो जरा रंगात आला होता. वसईचा माणूस, बावीस वर्षं बॉम्बे सॅपर्समध्ये काढलेली. सैन्याच्या पुढे जाऊन सुरुंग शोधायचे, ते काढायचे, पूल बांधायचे, हे त्याचं काम. नऊ वर्षांपूर्वी बायकोच्या नोकरीमागे तो ऑस्ट्रेलियात, डँडेनॉन्गला आला आणि गोदामात फोर्कलिफ्ट चालवू लागला. तिथं कोणाला काय सांगणार? पण या दोन हजार आठ सालात गोदामात निम्मी पोरं भारतातून शिकायला आलेली. त्यातली तिघं काल जेवायला होती, त्यांनी आग्रह केला आणि मानवेल बोलत सुटला.

"बाबा गेले तेव्हा पहिल्या गाडीत होते," मंजिरी म्हणाली. "आईला आलेल्या पत्रात तेवढंच आहे. म्हणजे तो रस्ता बाबांनी तपासला होता? सुरुंग त्यांच्याच नजरेतून सुटला?"

नुसतं 'हो' म्हटलं की संपलं असतं. पोरगी चहा पिऊन गाडीत बसली असती आणि आपल्या बापाची, मुरलीधर शेलारची चूक डोक्यात घेऊन जन्मभर वावरली असती. मानवेलने गॅस बंद केला आणि दोन कपांत चहा गाळला.

"बस," तो म्हणाला.

सत्त्याऐंशीचा ऑक्टोबर. श्रीलंकेत, जाफनात उतरून त्यांच्या पलटणीला नऊ दिवस झाले होते. बेटावरच्या त्या लाल मातीत नऊ दिवस बूट काढले नव्हते. पुढे एका शाळेत आपली कंपनी अडकली होती, पाणी संपलेलं, जखमी पडलेले. पाच गाड्या तिकडे निघाल्या आणि वाटेत एक मोरी आली, रस्त्याखालून ओढा नेणारी. मानवेल हवालदार होता. तो पोटावर पडून सळईने रस्ता टोचत पुढे सरकला, बोट-बोट अंतरावर. डिटेक्टर गप्प होता, पण त्याच्या गप्प बसण्याला अर्थ नव्हता. तिकडचे बंडखोर सुरुंगाची दारू प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून पुरायचे. म्हणून मोरी आतून बघणं भाग होतं. मानवेल कमरेएवढ्या पाण्यात उतरला. या बाजूचं तोंड साफ होतं. पलीकडचं गाळाने बुजलेलं. तो गाळ उपसायचा तर अर्धा तास हवा.

वरून कॅप्टन ओरडत होते, "हवालदार, कितनी देर? वहाँ लोग मर रहे हैं!"

"आणि मी हात वर केला," मानवेल म्हणाला. "रस्ता साफ."

मंजिरीने कप खाली ठेवला. "तुम्ही?"

"मी. बाबांनी नाही. तुझे बाबा मागे दोर धरून उभे होते."

"मग ते पहिल्या गाडीत कसे?"

घड्याळात पावणेचार झाले होते. इथवर मानवेलने कधीतरी पाद्रीबाबांना सांगितलं होतं. पुढचं कोणालाच नाही, ज्युलियानालाही नाही.

"मी वर आलो तर मुरली ड्रायव्हरशेजारी बसलेला. मला म्हणतो, 'दादा, चिखलाने बरबटलायस, मागे जा. ही साहेबांची गाडी आहे, म्हशीची नाही.' सगळे हसले. मीही हसलो."

"म्हणजे गंमत केली त्यांनी."

"त्याने गंमत केली. मी नाही. मला माहीत होतं की पलीकडचं तोंड मी बघितलेलं नाही. नियम कशासाठी होता? हात वर करताना माणसाने दहादा विचार करावा म्हणून. त्याला खाली उतरवणं माझं काम होतं." "त्याला तिथे बसलेलं बघितलं आणि मंजिरी, मला बरं वाटलं. हायसं वाटलं. मी तिसऱ्या गाडीत जाऊन बसलो."

बाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र सुरू झालं आणि बंद पडलं.

"किती वेळ होता?"

"कशाला?"

"तुम्ही मोरीतून वर आल्यापासून गाडी उडेपर्यंत. 'मुरली, उतर' म्हणायला."

"दोन मिनिटं. जास्तच."

"म्हणालात?"

"नाही."

ती उठली. आता बॅगा उचलून निघणार, असं मानवेलला वाटलं, आणि त्याला ते चाललंही असतं. पण तिने पर्समधून फोनकार्ड काढलं, भिंतीवरच्या फोनवरून एकेक आकडा दाबला आणि रिसीव्हर त्याच्यापुढे धरला.

"आई एकवीस वर्षं लोकांचं ऐकतेय, शेलारांनी स्वतःच्या चुकीने गाडी उडवून घेतली म्हणून. गावात बोलतात. तिला मी सांगणार नाही. तुम्ही सांगा. ते दोन मिनिटांचंसुद्धा."

पलीकडे घंटी वाजत होती, कराडमध्ये. दारात गाडीचा हॉर्न झाला. मंजिरीने मान वळवली नाही. मानवेल खुर्चीवर बसला होता तो उठून सरळ उभा राहिला आणि त्याने रिसीव्हर घेतला. पलीकडून 'हॅलो' आलं.

"वहिनी," तो म्हणाला, "मी हवालदार तुस्कानो बोलतोय. मंजू ठीक आहे. मला तुम्हाला मुरलीचं सांगायचंय. जरा बसून घ्या."